नाक्यापलीकडची मावशी

मला मावशी नाही. माझी आई तिच्या आईबापांची एकुलती एक. तरीही निपाणीतल्या आमच्या गल्लीत माझ्या मावशीला सगळ्या बायका ओळखत होत्या. ती कोल्हापुरात रंकाळ्याच्या मागं राहते, तिचा डावा गुडघा दुखतो, ती एकटी आहे आणि महिन्यातून एकदा मी भेटून आले नाही तर तिला चैन पडत नाही, हे सगळं मीच सांगितलेलं.

खरं म्हणजे मी महिन्यातून एकदा कोल्हापूरच्या दवाखान्यात गोळ्या आणायला जात होते. नवरा तंबाखूच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. तो आजारी पडून गेला, मग माझं रक्त तपासलं आणि मलाही एचआयव्ही असल्याचं कळलं. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. तिचंही तपासलं. तिला काही नाही असं सांगितलं तेव्हा मी दवाखान्याच्या नळावर जाऊन तोंड धुतलं आणि ओंजळीनं पोटभर पाणी प्याले. त्या दिवसानंतर मला माझ्या आजाराचं दुःख असं फार वाटलं नाही. गोळी घ्यायची, काम करायचं, मुलीला शिकवायचं, एवढंच होतं. भीती होती ती फक्त लोकांना कळण्याची. पुढं मुलीचं लग्न होऊन ती बेळगावात अनगोळला गेली, तेव्हा ती भीती आणखी वाढली. मुलीला माझं सगळं माहीत होतं. तिच्या सासरी कुणालाच माहीत नव्हतं.

गोळ्या आमच्या बाजूला, कर्नाटकातही मिळत होत्या. पण आपल्या बाजूच्या दवाखान्यात आपल्याला ओळखणारं कुणीतरी निघतंच. राज्याच्या हद्दीवरचा नाका ओलांडून गेलं की आपण कुणाचे कुणी नसतो. रांगेत मला कागलकडची एक बाई भेटायची. ती सांगायची, तिच्या नात्यातला एकजण याच कामासाठी महिन्याच्या महिन्याला बेळगावला जातो. म्हणजे इकडची माणसं तिकडं आणि तिकडची इकडं. मला वाटायचं, आमच्या दोघांच्या एसट्या कोगनोळीच्या नाक्यावर समोरासमोर येत असतील.

आमच्याकडं लोक लग्नाचं कापड घ्यायला, दात दाखवायला, नवस फेडायला नाका ओलांडतच असतात. त्यामुळं कोल्हापूरला का गेलीस असं कुणी विचारत नाही. कुणाकडं गेलतीस, एवढंच विचारतात. पहिल्या खेपेला शेजारच्या आक्कानं तेच विचारलं आणि माझ्या तोंडून "मावशीकडं" निघून गेलं.

ही आक्का माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. आमच्या दोघींच्या घरांची भिंत एक. तिच्या सोप्यात आम्ही चार बायका रोज विड्या वळायला बसतो. पानं आदल्या दिवशी भिजवून फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी मापानं कापायची, मग सूप मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत वळत राहायचं. हात चालू असले की तोंडही चालू राहतं, आणि चार बायकांत कुणाचं काही लपत नाही. आक्का सातवी शिकलेली. कारखान्याची चिठ्ठी असो, बँकेचं पत्र असो की कन्नडातली नगरपालिकेची नोटीस असो, वाचायची तिनंच. तिच्याशी खोटं बोलणं सोपं नव्हतं. आज सांगितलेलं तिच्या सहा महिन्यांनीही ध्यानात असायचं. मग मीही मावशीची गोष्ट नीट ध्यानात ठेवू लागले. येताना स्टँडवरून भडंगाची पुडी आणायची आणि मावशीनं दिलंय म्हणून सगळ्यांना वाटायची. त्यावर आक्का गप्प बसणार थोडीच. तीही माझ्याबरोबर मावशीला काहीबाही धाडायची. कधी लिंबाचं लोणचं, कधी शेंगदाण्याची चटणी, उन्हाळ्यात सांडगे आणि कुरडया. ते मी दवाखान्यातल्या समुपदेशन करणाऱ्या बाईंना द्यायची, आणि उरलेलं रांगेतल्या लोकांत वाटायची. अशी बरीच वर्षं गेली. मावशीचं सगळं सुरळीत चाललं होतं.

मग करोना आला आणि नाका बंद झाला.

पहिले काही दिवस मला त्याचा अर्थ लागला नाही. विड्यांचं काम थांबलं होतं, पानं येत नव्हती, आम्ही चौघी आपापल्या दारात बसून लांबूनच बोलत होतो. एका संध्याकाळी गोळीची बाटली उघडली तेव्हा ती हलकी लागली. मोजल्या तर सतरा. एसटी बंद, रस्त्यावर पोलीस, आणि नाक्यावर माती टाकून वाट अडवलीय असं ऐकायला येत होतं. बेळगावला जायचं तर तेही बंद. आणि गेलेच तरी तिथं माझं गोळ्यांचं कार्ड नाही.

माझ्या आधी मावशीची काळजी आक्काला लागली. दारातूनच म्हणाली, "तुझी मावशी एकटी हाय गं, म्हातारीला भाजीपाला कोण देत आसंल?" मी म्हटलं, शेजारी बघतात. तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. तिचा धाकटा भाऊ, त्याला आम्ही सगळ्याजणी अण्णा म्हणतो, दुधाचा टेम्पो चालवायचा. दुधाला पास होता, त्यामुळं तो रोज नाक्यापलीकडं जाऊन येत होता. आक्कानं मला न विचारताच त्याच्याशी बोलून ठेवलं. कुरडया, चटणी, दोन किलो तांदूळ असं बांधून झालं. फक्त मावशीचा पत्ता आणि फोन नंबर तेवढा माझ्याकडून हवा होता.

मी घरात जाऊन दार लावलं आणि बसून राहिले. नसलेल्या बाईचा पत्ता कुठून देणार. बऱ्याच वेळानं मला सुचलं ते इतकं सोपं होतं की आधी का सुचलं नाही याचंच नवल वाटलं. मी दवाखान्यातल्या बाईंना फोन लावला. गोळ्या संपत आल्यात हे सांगितलं, आणि मग अडखळत अडखळत मावशीचंही सांगितलं. इतकी वर्षं मी त्यांना आणून देत होते ते लोणचं नक्की कुणासाठी होतं, तेही सांगावं लागलं. त्या पलीकडून इतक्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाल्या, "मग आता मीच मावशी. पाठवा टेम्पो."

त्या माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत.

मी त्यांना त्या दिवशी आणखी एक विचारलं. टीव्हीवर सारखं सांगत होते की ज्याला आधीपासून काही आजार आहे त्याला हा रोग सोडत नाही. माझं काय होणार, मी जगणार का, असं सरळच विचारलं. माझ्या छातीत तंबाखूची धूळ आहे, विड्या वळणाऱ्या सगळ्याच बायका खोकतात, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, खोटं सांगणार नाही, नक्की अजून कुणालाच सांगता येत नाही. आपल्या लोकांना धोका थोडा जास्त असूही शकेल. पण ज्यांच्या गोळ्या सुटल्या, अंगातली ताकद खाली गेली, त्यांचा धोका फार मोठा. ज्यांची गोळी रोज पोटात जाते त्यांचा विषाणू दबून असतो, त्यांनी टीव्ही बघून एवढं घाबरू नये. वय, साखर, दमा हे जसं इतरांना भोवतं तसंच आपल्यालाही. शेवटी म्हणाल्या, "ताई, तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. गोळी चुकवायची नाही. आणि दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर लपवायचं नाही."

पहिली मला जमण्यासारखी होती.

दोन दिवसांनी अण्णा टेम्पो घेऊन गेला. बाईंनी हायवेवर येऊन कुरडया घेतल्या आणि चिकटपट्टी लावलेला एक डबा त्याच्याजवळ दिला. वर भडंग, खाली तीन महिन्यांच्या गोळ्या. डबा माझ्या दारात ठेवताना अण्णा म्हणाला, "मावशी लई तरणी हाय की गं तुझी. स्कुटीवरनं आलती." आक्का तिच्या दारात उभी होतीच. ती माझ्याकडं बघत राहिली. मी म्हटलं, ती मावशी न्हवं, मावशीची सून. मागच्या महिन्यापर्यंत एकट्या असलेल्या मावशीला अशी एका वाक्यात सून झाली, म्हणजे मुलगाही झाला. आक्का एवढंच म्हणाली, की सून बरी दिसतीया, सासूसाठी उन्हातनं आली.

ते वर्ष तसंच गेलं. नाका उघडला, पुन्हा बंद झाला, पुन्हा उघडला. गोळ्या मात्र एक दिवसही चुकल्या नाहीत. संध्याकाळी साडेआठला मालिका सुरू व्हायच्या आत गोळी तोंडात, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की टीव्ही बिघडला तेव्हाही मला वेळ चुकली नाही. विड्यांचं काम सुरू झालं. आम्ही चौघी पुन्हा सोप्यात बसू लागलो, आधी तोंडाला पदर बांधून, मग पदर सैल सोडून, मग तसंच.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात आम्हा चौघींना पाठोपाठ ताप आला. दोघींचा घरातच उतरला. माझा आणि आक्काचा उतरला नाही. आशाबाई, म्हणजे आमच्या गल्लीत आरोग्याचं काम बघणारी बाई, दोघींच्या बोटाला यंत्र लावून बघून गेली आणि तासाभरात गाडी घेऊनच आली. मला नीट उभंही राहता येत नव्हतं. दोन लुगडी आणि तांब्या तेवढा पिशवीत टाकला. गाडी निघाल्यावर आठवलं की गोळ्यांची बाटली घरातच राहिली, जोंधळ्याच्या डब्यात, तळाशी.

मुलींच्या एका वसतिगृहाचा दवाखाना केला होता. मोठ्या खोलीत बायकांच्या पंधरा-सोळा खाटा. माझी भिंतीकडची, शेजारची आक्काची. दोघींच्या नाकाला नळी लावली. पहिल्या संध्याकाळी साडेआठ झाले आणि मी छताकडं बघत पडले. दुसऱ्या दिवशी तपासायला आलेल्या डॉक्टरांनी कन्नडात विचारलं, साखर आहे का, बीपी आहे का, आणखी काही आजार आहे का. शेजारी आक्का, पायाशी आमच्याच भागातली एक भाजीवाली, पलीकडं तिची नणंद. सगळ्यांना कन्नड येतं, सगळ्यांना मराठी येतं. मी मानेनंच नाही म्हटलं. डॉक्टर पुढच्या खाटेकडं गेले. दुसरे साडेआठ झाले.

त्या दिवशी आमच्या खोलीतून एका बाईला बेळगावला हलवलं. जाताना ती आम्हा सगळ्यांकडं बघत होती. मी विचार करू लागले. गोळी चुकली की अंगातला तो विषाणू उठतो, आणि हा नवा आत बसलेलाच आहे. दोघं मिळून मला नेतील. गेले तर लोकांना काही कळणार नाही, मुलीचं सासर सुखरूप राहील. पण मला जायचं नव्हतं. मुलीला तिसरा महिना लागला होता. मला ते बाळ बघायचं होतं, आंघोळ घालायची होती. हे मनात आल्यावर मात्र मला राहवेना.

तोंडानं सांगणं काही जमणार नव्हतं. खाटेखाली औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा पडला होता, खिडकीत कुणाचं तरी पेन होतं. मी लिहिलं, 'मला एचआयव्ही आहे. रोज संध्याकाळी साडेआठला एक गोळी असते. गोळ्या घरी राहिल्या. दोन दिवस चुकले. कुणाला सांगू नका.' सकाळी सिस्टर आली तेव्हा तो पुठ्ठा तिच्या हातात दिला.

आता वाटतं, माझ्यासारखी वेडी मीच. सिस्टर धारवाडच्या पलीकडची, मराठी न येणारी, अंगभर प्लास्टिकचा पोशाख, डोळ्यांवर चष्म्यासारखं काहीतरी आणि आतून वाफ धरलेली. तिनं पुठ्ठा जवळ नेला, लांब नेला. अक्षर हातचं, तेही माझं, तेही मराठी. मग तिनं इकडंतिकडं बघितलं आणि शेजारच्या खाटेवर दिला. इकडं सगळ्यांना हीच सवय. आपल्याला न येणारं काही वाचायचं असलं की शेजारी दिसेल त्याच्या हातात द्यायचं, तो वाचून सांगतो. मीही जन्मभर आक्काच्या हातात असेच कागद देत आले होते.

आक्कानं नळी सावरली आणि पुठ्ठा खिडकीच्या उजेडाला धरला. तिचा चष्मा घरी राहिला होता, त्यामुळं तिला वेळ लागला. तिचे ओठ हलत होते. शेवटच्या ओळीवर ते थांबले. पायाशी भाजीवाली मान वर करून बघत होती, काय लिहिलंय म्हणून. मी डोळे मिटून घेतले.

आक्का सिस्टरला कन्नडात म्हणाली की हिची रोजची एक गोळी घरी राहिलीय, डॉक्टरांना बोलाव, त्यांनाच सांगते. भाजीवालीनं विचारलं, कशाची गोळी. आक्का तिच्याकडं वळून म्हणाली, "सायटिकाची. तिच्या कोल्हापूरच्या मावशीनं आणून दिल्यात. लई जालीम हाय, मधी खंड पडला की पाय धरतोय." भाजीवालीनं लगेच तिच्या दिराच्या सायटिकाची गोष्ट सुरू केली.

ती गोष्ट संपून भाजीवाली कुशीवर वळली तेव्हा आक्का माझ्याकडं सरकली. पुठ्ठा तिनं घडी करून चोळीत ठेवला होता. हळूच म्हणाली, "म्हंजे मावशी न्हायच म्हण."

मी मान हलवली.

"आन् तिचा गुडघा?"

"न्हाय."

"मग माझं सांडगं कुणी खाल्लं गं इतकी वर्सं?"

मी म्हटलं, "रांगेतल्या लोकांनी. लई आवडायचं त्यास्नी."

ती हसली आणि हसता हसता खोकला लागला. सिस्टर धावत आली आणि दोघींना ओरडली. त्या खोकल्यात आक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते कशाचं होतं मी विचारलं नाही.

डॉक्टर आले तेव्हा आक्कानं त्यांना जवळ वाकायला लावून सांगितलं. ते माझ्या खाटेवर बसले, हे मला अजून आठवतं, कारण तिथं कुणी खाटेवर बसत नव्हतं. मोडक्या मराठीत म्हणाले की सांगितलं ते फार चांगलं केलं, काही औषधं देताना हे ठाऊक असावं लागतं. मागच्या रक्ततपासणीत अंगातल्या ताकदीच्या पेशी किती होत्या विचारलं. मी आकडा सांगितला. ते म्हणाले, मग एवढं भ्यायचं कारण नाही, गोळी आजच सुरू करायची. आक्कानं अण्णाला फोन करून सांगितलं की हिच्या घराची किल्ली दाराच्या वरच्या फळीवर आहे, जोंधळ्याचा डबा उपस, तळाला बाटली आहे, मावशीचं औषध आहे, कुणाला दाखवत बसू नको. तिसऱ्या दिवशी साडेआठला गोळी माझ्या तोंडात होती.

मी बरी होत गेले. सगळ्यांच्या आधी मीच जाणार असं मी ठरवून ठेवलं होतं, ती मी पाचव्या दिवशी उठून बसले. आक्काचं मात्र उलट झालं. तिला साखर होती, तिथं येईपर्यंत कुणालाच माहीत नव्हती, तिलाही नाही. तिचा ऑक्सिजन खाली जाऊ लागला. नळी काढून तोंडावर मोठं झाकण लावलं. डॉक्टर म्हणाले, पालथं झोपवा, उताणं होऊ देऊ नका. सिस्टर एक आणि खाटा सोळा. मग ते काम मीच घेतलं. तिला पालथं करायची, पाठ चोळायची, पेज चमच्यानं भरवायची. ती झाकणाच्या आतून शिव्या द्यायची. मला घरी सोडलं तेव्हा मी आणखी दोन दिवस थांबू का विचारलं. डॉक्टर म्हणाले, खाट लागणार आहे. पण दाराशी खुर्चीवर बसायला त्यांनी मना केलं नाही.

आमच्या गल्लीतला किराणा दुकानदार त्याच आठवड्यात गेला. धडधाकट माणूस, कधी डोकं दुखलं म्हणून दुकान बंद ठेवलं नाही. कोण राहणार आणि कोण जाणार याचा हिशोब मला कधी लागला नाही. माझ्या वाट्याला राहणं आलं, आणि त्यात माझ्या गोळीचा वाटा होता, एवढं मला कळतं.

आक्का चौदाव्या दिवशी घरी आली. पुढं तीन आठवडे ती सोप्यात बसली नाही. बसायला लागली तेव्हा जरा लांब बसली, आणि स्वतःचा तांब्या वेगळा घेऊन आली. मी बघितलं आणि बघितलंच नाही असं केलं. सुपात मान घालून विड्या वळत राहिले. वाईट वाटलं. पण पुठ्ठा तिनं कुणाला दाखवला नव्हता, हेही खरं होतं. चार-पाच दिवसांनी बाकीच्या दोघी जेवायला घरी गेल्या तेव्हा ती एकदम म्हणाली, "त्या स्कुटीवालीला फोन केलता मी. नंबर अण्णाकडं हुता."

मी वळायची थांबले.

"समदं इचारलं तिला. एका तांब्यातनं पाणी पिलं तर काय हुईत न्हाय म्हणली. एका ताटात खाल्लं तरी न्हाय. मला ठावं नव्हतं गं. राग धरू नगंस."

मी म्हटलं, राग नव्हता. ती म्हणाली, "हुता. मला कळत न्हाय व्हय." मग ती माझ्यापुढचा तांब्या उचलून पाणी प्याली, तहान लागल्यासारखं, घटाघटा. आणि त्यानंतर त्या विषयावर आमच्यात इतकंच झालं की ती मला गोळीची वेळ विचारून घेऊ लागली. साडेआठला भिंतीवर वाजवायची. मला कधीच आठवण लागत नव्हती. तरी मी भिंतीवर उलट वाजवायची.

आक्काला कळल्याचं मी मुलीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं. जावयाला तिनं काय सांगितलं ते मी विचारलं नाही. हिवाळ्यात मुलगा झाला. बाळाच्या पहिल्या आंघोळीला जावयानंच मला बोलावलं, गरम पाण्याची बादली त्यानं स्वतः आणून ठेवली, आणि टॉवेल घेऊन दाराशी उभा राहिला.

त्याच्या थोडं आधीची गोष्ट सांगायची राहिली. आम्हाला लस घ्यायला तीन महिने थांबायला सांगितलं होतं. ते झाल्यावर आक्का आणि मी शाळेत गेलो. वर्गाच्या दाराशी आशाबाई टेबल टाकून बसली होती. प्रत्येकीला विचारत होती, साखर, बीपी, आणखी काही. आक्का माझ्या मागं उभी होती. माझी पाळी आली तशी ती पुढं सरकली. माझ्या वतीनं तीच काहीतरी सांगणार, सायटिका किंवा आणखी काही, हे मला मागं न बघताच कळलं.

मी म्हटलं, "एचआयव्ही हाय. गोळी चालू हाय."

आवाज एवढा बारीक निघाला की आशाबाईनं मान पुढं केली. मी पुन्हा तेच म्हटलं. तिचं पेन थोडं थांबलं, मग तिनं लिहिलं. वर न बघता विचारलं, "जेवून आलाय न्हवं?" मी हो म्हटलं. तिनं आतल्या खुर्चीकडं बोट केलं आणि पुढची कोण म्हणाली.

सुई टोचल्यावर अर्धा तास तिथंच बसायचं होतं. चौथीचा वर्ग होता, बाकं लहान मुलांची. आम्ही दोघी गुडघे वर करून बसलो. आक्का दंड चोळत, मला ताप आला तर तुझ्याच गळ्यात पडणार म्हणून सांगत होती. मग तिला डुलकी लागली. माझ्या मांडीवर सूप नव्हतं, हाताला काही काम नव्हतं. दाराशी आशाबाई पुढच्या बायकांना तेच प्रश्न विचारत होती आणि त्या आपापलं सांगत होत्या. कुणीही माझ्याकडं वळून बघितलं नाही. बाहेरच्या कडुलिंबावर ऊन पडलं होतं, ते मी अर्धा तास बघत बसले.